छोटी फोर-बाय-फोर एक्सप्रेसवेवर: वेग, वारा, टायर आणि पुढचा अ‍ॅक्सल

माळरान (धागाकर्ता)

सुझुकीच्या जिम्नी, जिप्सी, जुन्या एसजे ४१० आणि ४१३ या गाड्यांबद्दल चिखल, वाळू, दगड यावर भरपूर लिहिलं जातं. पण त्या वाटेला लागण्याआधी शंभर-दोनशे किलोमीटर एक्सप्रेसवे कापावा लागतो आणि परत येतानाही तोच रस्ता असतो. तेव्हा हा धागा फक्त त्या डांबरी-काँक्रीटच्या भागासाठी. आखूड व्हीलबेस, उंच चौकोनी बॉडी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि लहान पेट्रोल इंजिन असलेली गाडी तासन् तास ९०-१०० ने चालवायची, तर काय तपासायचं, काय बदलायचं, काय अजिबात करायचं नाही, ते इथे लिहा.

सुरुवातीचे प्रश्न:

१. सलग चालवायला योग्य वेग कोणता आणि तोच का?
२. ७०-८० ला स्टीअरिंग थरथरतं, त्याचा शोध कुठून सुरू करायचा?
३. मोठे टायर आणि लिफ्ट किटमुळे (गाडी उंच करणारे सुटे भाग) हायवेवर नक्की काय बिघडतं?
४. पावसात फोर-एच (चारही चाकांना ओढ, हाय रेंज) लावून चालवावी का?

अक्षांश

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गणितातच मिळतं, म्हणून ते आधी.

२०१८ पासूनची तीन दारी जिम्नी घ्या. १.५ लिटरचं के१५बी इंजिन, ६००० आरपीएमला १०२ पीएस, ४००० ला १३० एनएम. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पाचवा गियर थेट १.००० आहे, म्हणजे ओव्हरड्राइव्ह (इंजिनपेक्षा शाफ्ट जोरात फिरवणारा गियर) नाहीच. फायनल ड्राइव्ह (अ‍ॅक्सलमधलं शेवटचं गुणोत्तर) ४.०९०. १९५/८० आर १५ टायरचा चालता परीघ २.१२ मीटर धरला तर १०० च्या वेगाला चाक मिनिटाला ७८६ फेरे घेतं. त्याला ४.०९ ने गुणा, इंजिन ३२०० वर फिरतंय. १२० ला हाच आकडा ३८५० च्या घरात जातो.

आता वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. १०० वरून १२० वर गेलात की वेग २० टक्केच वाढला, पण फक्त हवा कापायला ७३ टक्के जास्त ताकद लागते. अशा खोकेवजा बॉडीचा ड्रॅग गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ १.१ चौरस मीटर धरलं, गाडी माणसांसकट १२०० किलो धरली, तर सपाट रस्त्यावर चाकांशी लागणारी ताकद अशी येते:

९० ला सुमारे १५ किलोवॉट
१०० ला सुमारे १९
१२० ला सुमारे ३०

याच गाडीला ४ टक्के चढ लागला की १०० ला आणखी १३ किलोवॉट लागतात. एकूण ३२. इंजिन ३२०० वर ४० च्या आसपास देतं, गियर आणि अ‍ॅक्सलमधली गळती वजा केली तरी चढ निघतो. १२० ने तोच चढ म्हणजे ४६ किलोवॉट, आणि ३८५० वर चाकांशी पोचते ती ताकद जेमतेम तेवढीच. म्हणजे पाय पूर्ण दाबलेला आणि हाताशी शिल्लक काही नाही. समोरून वारा आला की वेग पडणारच.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. मीटरवर नव्हे, जीपीएसवर ९० ते १०० हा या गाडीचा खरा प्रवासी वेग. ११० ओव्हरटेकसाठी राखून ठेवायचा.

सहावा_गियर

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी: तिथे ४-स्पीड बॉक्स आहे आणि चौथा गियर ओव्हरड्राइव्ह, गुणोत्तर सुमारे ०.७. फायनल ड्राइव्ह ४.३०० असूनही १०० ला इंजिन २४०० च्या जवळ फिरतं, म्हणून सपाट रस्त्यावर ऑटोमॅटिक जास्त शांत वाटते. अडचण चढावर होते. बॉक्स चौथ्यातून तिसऱ्यात, परत चौथ्यात असा हेलपाटत राहतो. तसं सुरू झालं की लिव्हरवरचं ओव्हरड्राइव्हचं बटण दाबून ओडी ऑफ करा. तिसऱ्यात १०० ला ३४०० च्या आसपास आवाज येईल, तो येऊ द्या. सारखे गियर बदलून तेल तापण्यापेक्षा ते बरं. माथा ओलांडला की परत ऑन.

नटबोल्ट

जुन्या गाड्यांचं गणित थोडं वेगळं, कारण एसजे मालिकेत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ओढ वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून सुटी बसवलेली असते, मध्ये एक आखूड शाफ्ट असतो, आणि हाय रेंजमध्येही रिडक्शन असतं. ४१३ मध्ये ते १.४०९ आहे. पाचव्या गियरचं गुणोत्तर एकपेक्षा कमी असलं तरी ट्रान्सफरमध्ये ते परत वाढतं आणि १०० ला इंजिन ३४०० च्या पुढे जातं. ४१० च्या ९७० सीसी इंजिनात ४५ अश्वशक्ती, तीही नवं असताना. त्या गाडीचा प्रवासी वेग ७५ ते ८० धरा. जास्त ताणली तर चालेल, पण तेलाचा दाब आणि तापमान या दोन काट्यांवरून नजर हलवता येणार नाही.

या सुट्या ट्रान्सफर केसचे रबर माउंट तीन असतात. त्यातला एक फाटला की ठराविक वेगाला पायाखाली गुणगुण येते आणि लोक प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स करत बसतात. गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून, टामीने ट्रान्सफर केस हलवून बघा. रबर आणि धातू यांच्यात फट दिसली तर आधी माउंट बदला.

वळणवाट

प्रश्न २. गाडी जिम्नी, ५० मिमी लिफ्ट, २१५/७५ आर १५ एमटी (मड-टेरेन, चिखलाचे) टायर. ७० ते ८० मध्ये स्टीअरिंग जोरात थरथरतं, खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला की सुरू होतं, वेग ५० च्या खाली आणल्याशिवाय थांबत नाही. नवा स्टीअरिंग डॅम्पर (हिसके शोषणारा दांडा) बसवून झाला. महिनाभर बरं होतं, आता परत तेच.

तेलकट_हात

वळणवाट, डॅम्परने फक्त दुखणं झाकलं. दोष मागे तसाच राहिला म्हणून नवा डॅम्परही लवकर थकला. अखंड पुढच्या अ‍ॅक्सलवर डावं-उजवं चाक एकाच टाय रॉडने जोडलेलं असतं. एका चाकाला बसलेला हिसका दुसऱ्याला जातो, तिथून परत पहिल्याला. किंगपिनमधल्या (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं ती) घर्षणाने आणि घट्ट बुशांनी (सांध्यांतल्या रबरांनी) तो विझायला हवा. ते ढिले असले की विझण्याऐवजी वाढत जातो.

शोध या क्रमाने घ्या, क्रम मोडू नका, कारण स्वस्त आणि सोपं आधी आहे:

पहिलं, रिमच्या आतली बाजू. चिखल वाळून आत चिकटलेला असतो आणि बाहेरून गाडी धुतलेली दिसते. शंभर ग्रॅमचा गोळा चाक बिघडवायला पुष्कळ. चाक काढून आतून खरवडून, ब्रशने धुवा.

दुसरं, बॅलन्सिंग. एमटी टायरना जास्त वजनं लागतात. एकाच जागी खूप वजन लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून परत चढवा आणि पुन्हा मोजा. टायर गोल आहे का तेही मशीनवर फिरताना डोळ्यांनी बघा. वर-खाली उडत असेल तर कितीही वजनं लावा, उपयोग नाही.

तिसरं, पुढचा अ‍ॅक्सल स्टँडवर घ्या. चाक बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला की दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग. तसाच राहिला तर किंगपिन बेअरिंग. नऊ आणि तीनच्या जागी खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा ड्रॅग लिंक.

चौथं, टाय रॉड दोन्ही बाजूंनी सोडवा आणि चाक काढून नकल (चाक धरून वळणारा भाग) हाताने डावी-उजवी फिरवा. निरोगी किंगपिन जड, एकसारख्या ओढीने फिरतो. सहज लटपटला तर प्रीलोड (बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला दाब) गेलाय. बरोबर मध्यावर खाच लागल्यासारखा अडला तर बेअरिंगच्या रेसमध्ये (रोलर ज्यावर फिरतात ती कडी) खळगे पडलेत, कारण सरळ रस्त्यावर रोलर वर्षानुवर्षं त्याच जागी ठोके खातात. अशा वेळी शिम (पातळ चकत्या) काढून घट्ट करू नका. बेअरिंगच बदला.

पाचवं, पॅनहार्ड रॉडचे (अ‍ॅक्सल बाजूला सरकू न देणारा दांडा) दोन्ही बुश. गाडी जमिनीवर, इंजिन चालू, कोणीतरी स्टीअरिंग झपाझप थोडं डावीकडे-उजवीकडे करायचं आणि तुम्ही खाली वाकून रॉडची टोकं बघायची. बोल्ट बुशच्या आत सरकताना दिसला की निकाल लागला. यात बोल्टचं भोक लांबट झालेलं असू शकतं, तिथे नवा बुश घालूनही टिकणार नाही.

सहावं, रेडियस आर्मचे (अ‍ॅक्सल पुढे-मागे धरणारे दांडे) बुश.

हे सगळं झाल्यावर टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली ते) मॅन्युअलप्रमाणे लावा. मग डॅम्पर बघा, शेवटी.

वळणवाट

चौथी पायरी करून बघितली. उजवीकडचा नकल एका बोटाने फिरतो, डावीकडचा मध्यावर अडतो. दोन्ही बाजूंची बेअरिंग बदलायची का? शिमचं काय करायचं?

तेलकट_हात

दोन्ही बाजू, वरची आणि खालची, म्हणजे चार बेअरिंग. सोबत नकलच्या मागचे गोलाकार सील आणि फेल्ट, कारण चिखल-पाणी तिथूनच आत जातं. जुने सील ठेवून नवी बेअरिंग घातली तर पुढच्या पावसाळ्यानंतर तेच काम परत.

उघडताना वरच्या आणि खालच्या किंगपिनखालचे शिम वेगवेगळे पुड्यात ठेवा, बाजू आणि जागा लिहून. तेच परत लावून सुरुवात करा. बाहेरचे रेस ब्रास पंचने एकसारखे ठोकत काढा, नवे बसवताना जुन्या रेसचाच ठोकायला आधार घ्या. रेस तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलतो, तिथे थांबा. ग्रीस रोलरांच्या आत दाबून भरा, वरून फासू नका.

सगळं घट्ट केल्यावर सील आणि टाय रॉड न जोडता नकलच्या आर्मच्या टोकाला ताण-काटा (ओढ मोजणारा काटा) लावून ओढा. सुरू व्हायला किती ओढ लागते ते मॅन्युअलमधल्या मर्यादेत हवं. कमी आली तर एक पातळ शिम काढा, जास्त आली तर घाला. शिम काढला की प्रीलोड वाढतो, हे उलटं लक्षात राहतं, म्हणून लिहितोय. ताण-काटा नसेल तर हे काम अंदाजाने करू नका, तो आणा.

टाय रॉडच्या कॅसल नटांना नव्या स्प्लिट पिन. पाचशे किलोमीटरनंतर परत चाक उचलून खेळ तपासा, नवे रेस थोडे बसतात.

नटबोल्ट

तेलकट_हात यांच्या यादीत एक भर. वळणवाट यांच्या गाडीला ५० मिमी लिफ्ट आहे. रेडियस आर्मची गाडी उचलली की अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर (किंगपिनच्या रेषेचा मागे झुकाव) कमी होतो. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येणं आणि सरळ रस्त्यावर गाडी स्वतःहून सरळ राहणं, दोन्ही कॅस्टरवर अवलंबून आहे. तो गेला की ९० ला गाडी सतत इकडेतिकडे भटकते आणि थरथर सुरू व्हायला कमी हिसका पुरतो. कंपनीच्या अ‍ॅक्सलवर फक्त टो बदलता येतो, कॅस्टर नाही. त्यासाठी एक्सेंट्रिक कॅस्टर बुश किंवा वाकडं भोक असलेले रेडियस आर्म घालावे लागतात. लिफ्ट किटमध्ये हे नसेल तर ते किट अर्धवट आहे, असं मी म्हणेन.

दुसरं, उचललेल्या गाडीत पॅनहार्ड रॉड तिरका होऊन अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. पुढचा एका बाजूला, मागचा दुसऱ्या. अ‍ॅडजस्टेबल रॉडने दोन्ही मध्यावर आणा. चाकापासून चासीपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजलं की फरक कळतो.

अक्षांश

थरथर आणि कंप यात फरक करायला एक सोपी कसोटी आहे. १०० ला चाक सेकंदाला १३ वेळा फिरतं. चाकाचा दोष हाताला मोजता येईल असा धडधड वाटतो, स्टीअरिंगवर किंवा सीटखाली. प्रोपेलर शाफ्ट त्याच वेगाला सेकंदाला ५३ वेळा फिरतो, त्यामुळे त्याचा दोष गुणगुण किंवा झिणझिण्यांसारखा येतो, आरसा धूसर दिसतो. आता मोकळ्या रस्त्यावर त्या वेगाला क्लच दाबून इंजिन आयडलवर येऊ द्या. इग्निशन बंद करायचं नाही, स्टीअरिंग आणि ब्रेकची मदत जाते. कंप तसाच राहिला तर चाक किंवा शाफ्ट. गेला तर इंजिन, क्लच, माउंट.

माळरान

आता टायरांकडे वळू. प्रश्न ३.

सहावा_गियर

मूळ १९५/८० आर १५ चा व्यास ६९३ मिमी. २१५/७५ चा ७०३, म्हणजे दीड टक्का मोठा, त्याने फारसं बिघडत नाही. २३५/७५ चा व्यास ७३३ मिमी, जवळपास ६ टक्के जास्त. त्याचे तीन परिणाम. मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा ६ टक्के जोरात धावत असेल. प्रत्येक गियर ६ टक्के लांब होतो, सपाटीला आवाज कमी वाटतो पण चढावर पाचवा धरत नाही, चौथ्यात जावं लागतं. आणि ब्रेकविरुद्ध रस्त्याला तेवढाच जास्त दांडा मिळतो, चाक रोखायला जास्त जोर लागतो, शिवाय चाक स्वतः जड. पुढे डिस्क, मागे ड्रम हीच मूळ व्यवस्था राहते.

टायरच्या बाजूवरचं अक्षर बघा. क्यू म्हणजे १६० पर्यंत, आर १७०, एस १८०. बरेच एमटी क्यूचे असतात, तेवढं पुरेसं आहे. पण एल १२० चं, के ११० चं, जे फक्त १०० चं. शेतीकामाच्या किंवा फक्त चिखलासाठीच्या टायरवर अशी अक्षरं असतात. आणि एनएचएस लिहिलेलं असेल तर तो टायर सार्वजनिक रस्त्यासाठी बनवलेलाच नाही.

रानपाखरू

एनएचएस वरून विचारते. छोट्या साइड-बाय-साइड बग्या आणि क्वाड अशाच टायरवर येतात ना? त्या नोंदणी करून एक्सप्रेसवेवर नेल्या तर?

सहावा_गियर

बऱ्याच येतात. त्या टायरात १० ते १४ पीएसआय हवा असते आणि ठोकळे उंच, सलग ८० ला ते ठोकळे तापून मऊ होतात. वर रबरी पट्ट्याचा सीव्हीटी (पायऱ्यांच्या गियरऐवजी पट्ट्यावर चालणारा बॉक्स), जो सलग वेगात तापतो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये मागचा अ‍ॅक्सल डिफरन्शियलशिवाय (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग). नोंदणी मिळाली तरी यंत्र त्या कामाचं नाही. ट्रेलरवर चढवून न्या.

वळणवाट

हवा किती ठेवायची? दगडांवरून आल्यावर १६-१८ असते.

तेलकट_हात

कच्चा रस्ता संपला की डांबरावर चढण्याआधीच भरायची, पुढच्या पंपापर्यंत थांबायचं नाही. १६ पीएसआयवर ८० ने पळवलं की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, आतून तापते, आणि थर सुटतात. बाहेरून काही दिसत नाही, मग पुढच्या कुठल्यातरी प्रवासात टायर फाटतो. १२ व्होल्टचा छोटा काँप्रेसर बॅटरीला थेट क्लिपने जोडायचा, लायटरच्या सॉकेटला नाही, तिथला फ्यूज उडतो. इंजिन चालू ठेवा.

आकडा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलेला असतो, तीन दारी जिम्नीला २६ च्या आसपास. चार माणसं आणि सामान असेल तर मागे २ ते ४ जास्त. थंड टायरवर मोजा. तासभर चालल्यावर ३-४ ने वाढलेली दिसेल, ती सोडू नका. ३५ भरून सरळ चालते असं काहीजण सांगतात, पण हलक्या गाडीत टायर फक्त मध्यावर टेकतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लांबतो आणि सांध्यांवर गाडी उडते.

हवा कमी असताना पाण्यावरून टायर तरंगायला लागण्याचा वेगही खाली येतो. तो साधारण हवेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. २६ ऐवजी १८ असेल तर सुमारे १७ टक्के आधी.

रानपाखरू

पावसात एक्सप्रेसवेवर फोर-एच लावली तर पकड वाढेल का? मॅन्युअलमध्ये तर निसरड्या रस्त्यासाठी वापरा असं लिहिलंय.

नटबोल्ट

पकड वाढत नाही, ओढ चार चाकांत वाटली जाते. ब्रेक लावताना चारही चाकं तशीही काम करतात. त्यामुळे एक्सप्रेसवेवर ज्याची भीती असते, म्हणजे थांबणं आणि पाण्यावर तरंगणं, त्यात फोर-एचचा फायदा नाही. उलट चालकाला खोटा भरवसा मिळतो.

आणि मधला डिफरन्शियल नाही, हे विसरू नका. पुढचा-मागचा शाफ्ट घट्ट जोडले जातात. समजा पुढचे टायर नवे आणि मागचे ३ मिमी झिजलेले. परिघात १९ मिमीचा फरक. किलोमीटरला साधारण ४७० फेरे, म्हणजे दर किलोमीटरला ९ मीटरचा फरक कुठेतरी मुरायला हवा. सैल मातीत चाक घसरून तो मुरतो. ओल्या पण खडबडीत डांबरावर बराचसा शाफ्ट, गियर आणि ट्रान्सफर केसच्या साखळी किंवा दातांवर ताण होऊन साठतो. स्टीअरिंग जड होतं, लिव्हर टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ओढ) परत येत नाही. तसं अडलं तर जोर लावू नका. सुरक्षित जागी थांबून सरळ रेषेत काही मीटर रिव्हर्स घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर सुटते.

बर्फ, रस्त्यावर वाहून आलेला चिखल, गारांचा थर यात फोर-एच जरूर. टू-एच ते फोर-एच बदल जिम्नीत १०० च्या खाली, सरळ चालताना करता येतो. नुसत्या ओल्या रस्त्यावर टू-एच.

वळणवाट

टू-एचमध्ये असूनही पुढून करकर आवाज येतो, वेगाबरोबर वाढतो. तो कशाचा?

नटबोल्ट

जिम्नीचे पुढचे हब व्हॅक्यूमवर जुळतात-सुटतात. नळीला तडा गेला किंवा हबचा सील गळला की हब अर्धवट अडकतो आणि दात एकमेकांवर घासतात. हबपासून वर जाणाऱ्या नळ्या हाताने वाकवून बघा, वाकलेल्या जागी चिरा दिसतात. हातपंपाने व्हॅक्यूम द्या आणि काटा टिकतो का ते बघा. हे दुरुस्त होईपर्यंत लांबचा रस्ता नको.

जिप्सी, एसजेचे हाताने फिरवायचे हब असतील तर डांबरावर ते फ्री वर. लॉक ठेवून टू-एचमध्ये चालवलं तर मोडत काही नाही, पण पुढचा शाफ्ट विनाकारण फिरतो, पेट्रोल जातं आणि गुणगुण वाढते. दोन्ही हब एकाच स्थितीत हवेत, हे उतरून डोळ्यांनी बघायचं.

माळरान

वाऱ्याबद्दल कोणी सविस्तर लिहील का? मोठ्या ट्रकच्या बाजूने जाताना गाडी ढकलली जाते, तो भाग नव्या चालकांना सगळ्यात अवघड जातो.

अक्षांश

व्हीलबेस २२५० मिमी, उंची १७२० च्या आसपास, रुंदी फक्त १६४५. बाजूचा वारा पकडायला मोठी भिंत आणि तो सावरायला आखूड पाया. पाच दारी जिम्नीचा व्हीलबेस ३४० मिमीने जास्त, २५९०. तिथे हे सगळं बरंच सौम्य होतं.

ट्रकला ओव्हरटेक करताना क्रम ठरलेला असतो. ट्रकच्या मागे हवा शांत असते, गाडी हलकी वाटते. बाजूने पुढे सरकताना गाडी ट्रककडे किंचित ओढली जाते. ट्रकच्या नाकाशी पोचलात की त्याने ढकललेली हवा तुम्हाला बाहेर लोटते. आणि पुढे निघालात की ट्रकने अडवलेला बाजूचा वारा एकदम लागतो. चारही धक्के आधीच माहीत असले तर स्टीअरिंगवर हात सैल पण तयार ठेवता येतात. चूक होते ती धक्का आल्यावर जास्त वळवून मग परत उलटं वळवण्यात. या गाड्यांचं स्टीअरिंग बॉल-नट पद्धतीचं आहे, मध्यावर थोडा मोकळा भाग असतोच. त्यात प्रत्येक हालचालीला उत्तर देत बसलं की गाडी जास्त डोलते. नजर लांब ठेवा, सुधारणा लहान आणि एकदाच.

ट्रकपासून बाजूचं अंतर शक्य तेवढं जास्त ठेवा, लेनच्या पलीकडच्या कडेने चला. आणि वेळेचा हिशोब आधी करा. ट्रक १८ मीटर लांब, ८० ने चाललाय, तुम्ही ९५ ने. मागे-पुढे २५-२५ मीटर मोकळे धरले तर १७ सेकंद लागतात आणि त्यात तुम्ही साडेचारशे मीटर पुढे जाता. तेवढ्या वेळात मागून १२० ने येणारी गाडी तुमच्या बंपरशी येते. म्हणून आरशात मोठी जागा दिसल्याशिवाय लेन बदलू नका. बाहेर पडण्याआधीच गियर खाली घ्या. ८० ला तिसरा गियर ४३०० वर येतो, म्हणजे टॉर्कच्या माथ्याजवळ. पाचव्यात पाय दाबून वाट बघत ओव्हरटेक करायची ही गाडी नाही.

दऱ्या, उंच पूल, ध्वनिरोधक भिंती जिथे संपतात ती जागा, डोंगर कापून काढलेल्या भागाचं तोंड: इथे वारा एकदम बदलतो. पोचण्याआधी १० ने वेग कमी करा.

सहावा_गियर

छतावरच्या कॅरियरबद्दल कडक शब्दांत लिहायला हवं. रिकामा कॅरियरसुद्धा समोरचं क्षेत्रफळ वाढवतो आणि शिट्टी वाजवतो. त्यावर तंबू, जेरीकॅन, दुसरं चाक ठेवलं की हवेचा विरोध आणि गुरुत्वमध्य दोन्ही वाढतात. हँडबुकमधली छताची मर्यादा फार कमी असते, आणि त्यात कॅरियरचं वजनही धरायचं. जड वस्तू मागच्या सीटच्या पाठीला टेकून जमिनीवर, पट्ट्यांनी बांधून ठेवा. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे वजन लटकलं की पुढचं टोक हलकं होतं आणि आधीच सैल असलेलं स्टीअरिंग आणखी सैल लागतं. मागच्या दारावर मोठं स्पेअर चाक लावलं असेल तर बिजागऱ्यांचे बोल्टही तपासा.

रानपाखरू

टाकी ४० लिटरची. एक्सप्रेसवेवर किती अंतर धरून चालायचं?

अक्षांश

वरचेच आकडे वापरू. १०० ला १९ किलोवॉट म्हणजे १०० किमीला १९ युनिट ऊर्जा चाकांशी. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ८.९ युनिट, त्यातला पाव ते किंचित जास्त भाग चाकांशी पोचतो. म्हणजे १०० किमीला ८ लिटर, लिटरला साडेबारा किमी. १२० ला १० ते साडेदहा लिटर, म्हणजे लिटरला साडेनऊ-दहा. पाच लिटर राखीव धरून १०० ने ४३० किमी, १२० ने साडेतीनशेच्या आत. १०० किमीचा टप्पा १२० ने गेल्याने फक्त १० मिनिटं वाचतात.

तेलकट_हात

थांबण्याचं अंतरही त्याच हिशोबात धरा. कोरड्या रस्त्यावर १०० वरून सुमारे ५५ मीटर, १२० वरून ८०. ओल्या रस्त्यावर कडक रबराच्या एमटी टायरनी १०० वरूनच ७५ च्या पुढे. प्रतिक्रियेच्या एका सेकंदाचे २८ मीटर वेगळे.

वळणवाट

कच्च्यातून परत येताना एक्सप्रेसवेवर चढण्याआधी दहा मिनिटांत काय बघावं? क्रमाने सांगा, म्हणजे छापून गाडीत ठेवता येईल.

नटबोल्ट

हवा भरणं आणि रिम आतून धुणं वर आलंच आहे. त्यानंतर:

चाकांचे नट टॉर्क रेंचने, जिम्नीला १०० एनएम. दगडांवर आपटून सैल होतात.

टायरच्या ठोकळ्यांमध्ये अडकलेले दगड काढा. ८० ला तो सुटला तर मागच्या गाडीच्या काचेवर जातो.

ब्रेकच्या नळ्या, खास करून पुढच्या चाकाजवळच्या रबरी, वळवून बघा. खरचटलेली असेल तर हळू, संथ लेनमधून, जवळच्या गॅरेजपर्यंतच.

पाण्यातून आलात तर ब्रेक हलका दाबत थोडं अंतर चालवून ड्रम सुकवा. मागच्या ड्रममध्ये चिखल असेल तर हँडब्रेक ओढल्यावर खरखर येते, तो पाण्याने धुवून काढा.

रेडिएटरच्या जाळीतला चिखल मागून पुढे, म्हणजे इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने. तापमान गर्दीत ठीक आणि वेगात वाढत असेल तर जाळी बुजलेली आहे किंवा पाणी कमी वाहतंय. उलट असेल तर पंखा बघा.

लिव्हर टू-एचवर, हब सुटलेले. खात्री करायला सपाट जागी पूर्ण स्टीअरिंग वळवून हळू फिरवा. गाडी अडखळत, धक्के देत वळली तर अजून चारही चाकं जोडलेली आहेत.

अर्ध्या अ‍ॅक्सलभर पाण्यात गाडी उभी राहिली असेल तर त्याच आठवड्यात दोन्ही डिफरन्शियलचं तेल बघा. गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (अ‍ॅक्सलमधली हवा ये-जा करायची वाट) बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. प्लग उघडल्यावर तेल दुधाळ दिसलं तर लगेच बदला, आणि ब्रीदरची नळी उंच नेऊन बांधा.

वळणवाट

किंगपिनचं काम झालं. उजवीकडे प्रीलोड लागला, डावीकडचे रेस खळग्यांनी भरलेले होते. ८० ला पुलाच्या सांध्यावरून आता स्टीअरिंग शांत आहे. कॅस्टर बुश घालायचे राहिलेत, ९० च्या पुढे गाडी अजून थोडी भटकते.

तेलकट_हात

बुश दाबताना त्यावरची खूण आर्मच्या लांबीच्या रेषेत ठेवा आणि दोन्ही बाजूंना एकाच दिशेने. एका बाजूचा उलटा बसला तर अ‍ॅक्सल पिळला जातो आणि बुश काही आठवड्यांत फाटतो. बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच अखेरचे आवळा, लटकत असताना नाही. मग टो परत मोजा.